नदीला विसण नसते



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलावे, अशी चालकांची अपेक्षा होती. ती मी नम्रपणे बाजूला ठेवली. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत ते आपले सर व्यायामशिक्षक होते. त्यांनी आम्हांला पोहायला शिकवले. तेव्हा त्यांचे स्मरण त्यांच्याच विषयाने करावे, असे मला वाटले. आजचा विषय आहे : नदी, तलाव किंवा समुद्र अशा उघड्या पाण्यात पोहायला उतरण्यापूर्वी त्या पाण्याचे तापमान पाहणे.

आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला प्रश्न दिसतो आहे. परंतु ज्या नगरीत द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला, त्या नगरीत व्यायामाचा विषय वाङ्मयाच्या प्राध्यापकाला परका मानण्याचे कारण नाही. शिवाय या विषयाशी माझा एक जुना हिशेब आहे. तो आज आपल्यासमोर मांडावा, असाही हेतू आहे.

माझा व्यवसाय शब्दांचा. तेव्हा आरंभ एका शब्दाने करतो. तो शब्द ‘विसण’. समोर बसलेल्या मुलांना कदाचित तो ठाऊक नसेल. पण साठी ओलांडलेल्यांच्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि शेजारचे घंगाळ लगेच उभे राहील. बंबातले कढत पाणी घंगाळात काढायचे आणि अंगाला सोसवेल इतके होईपर्यंत त्यात गार पाणी घालायचे. त्या गार पाण्याला विसण म्हणतात. आई हाताची पाठ पाण्याला लावून बघायची, आणखी अर्धा तांब्या विसण घालायची आणि मगच लेकराच्या अंगावर पाणी घ्यायची. 

पाण्याच्या उष्णतेसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. गार, थंड, थंडगार, कोमट, ऊन, कढत, कडकडीत अशी ही चढती भाजणी आहे. मात्र हे सारे शब्द पाणी आणि अंग यांचे नाते सांगतात. ‘सोसवेल असे’, ‘हात भाजेल असे’ ही आपली मापे. घरातल्या पाण्याला ती पुरतात, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरायला विसण हाताशी असते. नदीला विसण नसते. तिथे पाणी आपल्या अंगाजोगे करून घेता येत नाही. अंगालाच पाण्याजोगे व्हावे लागते. म्हणून तिथे शब्दाच्या जोडीला आकडा लागतो. सरांनी आम्हांला हे शिकवले. तथापि मला ते समजायला फार काळ लागला.

सरांजवळ पितळेचा एक तांब्या होता. त्याच्या गळ्याला सुताची लांब दोरी आणि आत शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला तापमापक. मुलांना पोहायला नेले की आधी तो तांब्या पाण्यात सोडायचा, हातभर खाली बुडवून धरायचा, वर काढायचा, पारा वाचायचा आणि आकडा वहीत टिपायचा. तोवर काठावरून कोणी हलायचे नाही. आम्ही मुले या विधीला ‘सरांची संध्या’ म्हणत असू. ते त्यांच्या कानावर गेले होते. त्यांनी कधी मनावर घेतले नाही.

१९६५ च्या जानेवारीत आमची सहल चांदोदला गेली. आपणांपैकी पुष्कळजण तिथे गेलेले आहेत; ओरसंग जिथे नर्मदेला मिळते ते क्षेत्र. मी नववीत होतो. विहिरीत वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहायला शिकलेला मी, आता सांगडीवाचून आडवी विहीर सात-आठ वेळा ओलांडत असे आणि त्याचा मला गर्वही होता. पहाटे घाटावर कडाक्याची थंडी होती. नदीवरून वाफा निघत होत्या. मी खाली वाकून पाण्यात हात घातला, तर पाणी चक्क ऊबदार लागले. सर तिकडे तांब्याची दोरी सोडत होते. मी सदरा काढला आणि घाटाला लावलेल्या नावेवरून सरळ उडी मारली.

पुढचे मला तुटक आठवते. पाण्याखालीच मोठा श्वास आत ओढला गेला. तो मी घेतला नव्हता. तो आपोआप घेतला गेला. छातीवर कोणी दगड ठेवावा तसे झाले. वर आलो तर हाक मारायला वारा उरला नव्हता. भराभर धापा लागत होत्या आणि प्रत्येक धापेबरोबर थोडे पाणी आत जात होते. हातपाय शाबूत होते, पोहण्याची विद्याही कुठे गेली नव्हती. पण श्वास ताब्यात नसलेल्या माणसाला ती विद्या वापरता येत नाही. नावाड्याने वल्हे पुढे केले, ते मी धरले, एवढ्यावर निभावले.

सर रागावले नाहीत. मला कोरडे करून, घोंगडीत गुंडाळून बसवल्यावर त्यांनी तांब्या माझ्यासमोर धरला. पारा १९ अंशांवर होता. “हाताला विचारलेस,” ते म्हणाले, “याला विचारले नाहीस.”

माझा हात खोटे का बोलला? याचे उत्तर आपल्या विहिरीपाशीच आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात ऊबदार आणि उन्हाळ्यात गार, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक खोल विहिरीच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. बदलते ती हवा, आणि हवेबरोबर आपली त्वचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकातच हे दाखवून दिले होते, की एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्या हाताला ऊन लागू शकते. हात उष्णतेची तुलना करतो. तो ती मोजत नाही. त्या पहाटे माझा हात पाण्याहून थंड हवेत गारठलेला होता, म्हणून त्याला पाणी ऊबदार वाटले. पण सदऱ्याखालचे अंग ३३ अंशांच्या आसपास होते, आणि ते एकदम १९ अंशांत गेले. नदीवरच्या वाफाही मला फसवून गेल्या. हवा पाण्यापेक्षा पुष्कळ थंड असली की त्या दिसतात. पाणी गरम असल्याची ती खूण नव्हे.

आता मघाशी म्हटलेल्या हिशेबाकडे येतो. १९८७ सालच्या मे महिन्यात माझा एक विद्यार्थी, महाविद्यालयाच्या तरणतलावात बक्षिसे मिळवणारा, मित्रांबरोबर ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेकाठी गेला होता. ऊन रणरणत होते. दगडांवर पाय ठरत नव्हते. त्याने खडकावरून उडी मारली. तो एकदाच वर आला, त्याने हाक मारली नाही, असे त्याच्या मित्रांनी सांगितले. तिथे प्रवाह मंद होता आणि काठ पंधरा-वीस हातांवर होता.

माझे एक पुस्तक त्याच्याकडे राहिले होते. महिन्याभराने त्याचे वडील ते परत द्यायला घरी आले. पुस्तक टेबलावर ठेवून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “सर, त्याला पोहता येत होते हो. मग असे कसे झाले?”

त्या दिवशी मी त्यांना दैवाविषयी काहीतरी बोललो. वस्तुतः त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला बावीस वर्षे ठाऊक होते. चांदोदच्या घाटावर ते मी अंगावर घेतले होते. मे महिन्यात हिमालयातली नदी वितळणाऱ्या बर्फाचे पाणी घेऊन येते. हवा जितकी तापलेली, तितका अंग आणि पाणी यांतला फरक मोठा. त्या मुलाला मी तीन वर्षे शिकवले. अलंकार शिकवले, वृत्ते शिकवली. सरांच्या तांब्याची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही, कारण ती मला वर्गात सांगण्याजोगी वाटली नव्हती. आजचे व्याख्यान हे त्या वडिलांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

ते उत्तर आता शास्त्राने नीट मांडले आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्वचा एकाएकी थंड झाली की पहिल्या क्षणी हुंदक्यासारखा मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, पाठोपाठ धापा लागतात, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. याला शीताघात म्हणता येईल. पोर्ट्समथ विद्यापीठातील माइक टिप्टन यांनी याचा दीर्घ अभ्यास केला आहे. श्वासावरचा परिणाम २५ अंशांच्या खाली जाणवू लागतो, आणि १५ ते १० अंशांपर्यंत तो अतिशय तीव्र होतो. तो ओढलेला श्वास पाण्याखाली असताना आला, तर पट्टीचा पोहणाराही तिथेच संपू शकतो. कॅनडातील संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिले आहे : एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी, दहा मिनिटे हातपाय कामाचे असेपर्यंत, आणि एक तास शरीर गारठून शुद्ध हरपेपर्यंत. आपण समजतो की थंड पाण्यात माणूस गारठून मरतो. त्या तासापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळजण पहिल्या मिनिटात जातात. ‘पोहता येत होते, मग असे कसे?’ याचे उत्तर त्या एका मिनिटात आहे.

कोणी म्हणेल, मग थंड समुद्र पोहून जाणारे कसे जातात? ते आकडा विचारून जातात. कॅप्टन मॅथ्यू वेब हा १८७५ च्या ऑगस्टमध्ये अंगाला तेल चोपडून इंग्लिश खाडी पोहून गेला, त्याला २१ तास ४५ मिनिटे लागली. आपले मिहिर सेन १९५८ मध्ये आणि आरती साहा १९५९ मध्ये ती खाडी पोहून गेले. दोघेही बंगालचे, म्हणजे आपल्यासारख्याच उष्ण देशातले. पोहण्याच्या हंगामात त्या खाडीचे पाणी साधारण १५ ते १८ अंश असते. आता ही खाडी पोहू इच्छिणाऱ्याला आधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. उदयपूरला वाढलेली भक्ती शर्मा २०१५ च्या जानेवारीत अंटार्क्टिकाच्या सुमारे १ अंशाच्या पाण्यात ४१ मिनिटे पोहली. अशा माणसांचे शरीर थंडीला हळूहळू सरावलेले असते. बंबाच्या पाण्यात आपण विसण घालतो. यांनी महिनोन् महिने स्वतःच्या अंगाला विसण घातलेले असते, असे मी म्हणेन.

याची दुसरी बाजूही आपण लक्षात ठेवली पाहिजे, कारण आपण गुजरातच्या उन्हाळ्यात राहतो. फार ऊन पाणीही घातक आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे दहा किलोमीटरच्या जागतिक शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू समुद्रात मरण पावला. त्या दिवशी पाणी आणि हवा दोन्ही तापलेले होते. जोराने पोहणाऱ्याच्या अंगात उष्णता निर्माण होत राहते. जमिनीवर ती घाम वाळून निघून जाते. पाण्यात घाम वाळत नाही, आणि पाणीच ऊन असेल तर उष्णतेला जायला वाट उरत नाही. त्या घटनेनंतर स्पर्धेच्या पाण्याला वरची मर्यादाही घालण्यात आली. म्हणून नियमात दोन आकडे आले : १६ अंशांहून कमी नको, ३१ हून अधिक नको. तापमान शर्यतीच्या दिवशी, दोन तास आधी, मार्गाच्या मध्यभागी आणि ४० सेंटिमीटर खोलीवर मोजावे, असेही त्या नियमावलीने सांगितले. हे वाचले तेव्हा मला सरांची ‘हातभर दोरी’ आठवली. हातभर म्हणजे जवळजवळ तेवढेच!

ही खोली का, तेही सांगतो. उन्हात उथळ काठाचे पाणी आणि वरचा पातळ थर लवकर तापतो. त्याखाली आणि मध्यभागी पाणी वेगळेच असते. खोल जलाशयात तर उन्हाळ्यात ऊन थर वर आणि गार थर खाली, अशी वाटणीच होते. मोठ्या धरणाच्या खालच्या थरातून पाणी सोडले की खालच्या अंगाची नदी भर वैशाखातही गार होऊ शकते. म्हणून कालचा आकडा आज धरू नये, आणि काठचा आकडा मधल्या पाण्याला लावू नये.

साधन अगदी साधे आहे. पूर्वी जहाजांवरचे खलाशी समुद्रात बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात तापमापक धरत. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वाऱ्यावर बाष्पीभवनाने थंड होई आणि त्या नोंदी थोड्या कमी भरत, असे पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले. तात्पर्य, पाणी वर काढल्यावर रेंगाळू नये. आज पाण्यात बुडवता येणारे तापमापक सहज मिळतात. दोरीला बांधावा, हातभर खाली दोन मिनिटे धरावा, लगेच वाचावा. दोन-तीन ठिकाणी वाचावा आणि सर्वांत कमी आकडा खरा मानावा. २५ च्या वर असेल तर सरावलेल्याने सहज उतरावे. २५ ते २० असेल तर सावकाश उतरावे. २० च्या खाली सराव नसलेल्याने लांब पोहायला जाऊ नये, आणि १५ च्या खाली आपल्यासारख्यांनी काठावरूनच नमस्कार करावा. ३० च्या पुढे शर्यत लावू नये. हे मधले टप्पे मी माझ्या समजुतीने सोयीसाठी केले आहेत. शरीर प्रत्येकाचे वेगळे, आणि हृदयविकार असणाऱ्याने वैद्याला विचारल्यावाचून थंड पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

आकडा सर्व काही सांगत नाही, हेही खरे. प्रवाह, खोली, भरती-ओहोटी यांची चौकशी वेगळी करावी लागते. आणि आपल्या विश्वामित्रीत उतरायचे म्हणणाऱ्याने तापमापकाच्या आधी मगरींची चौकशी करावी, हे बडोदेकरांना मी सांगायला नको!

उतरावे कसे? उडी मारू नये. पायऱ्या-पायऱ्यांनी जावे, आधी पाय, मग हात, मग तोंडावर आणि मानेवर पाणी घ्यावे आणि श्वास संथ होईपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे. एकट्याने जाऊ नये. चुकून पडलोच, तर पोहण्याची धडपड न करता उताणे होऊन तरंगत राहावे; मिनिट-दोन मिनिटांत श्वास परत येतो, मग काठाकडे निघावे. बाहेर आल्यावरही काही काळ अंग आतून थंड होतच राहते. म्हणून आधी कोरडे व्हावे, कपडे घालावे, गोड ऊन चहा घ्यावा, आणि लगेच कढत पाण्याने स्नान करू नये.

माझी आजी माघस्नानाला जाई तेव्हा असेच करीत असे. पायऱ्या उतरताना आधी नदीला नमस्कार, मग पायांवर पाणी, मग ओंजळभर पाणी डोळ्यांना आणि मस्तकाला, मग बुडी. आपल्या पूर्वजांना आधुनिक शरीरशास्त्र ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही; असे दावे करणाऱ्यांची संख्या तशीही कमी नाही. मात्र पाण्याकडे घाई न करता, परवानगी मागितल्यासारखे जावे, ही रीत त्या घाटाच्या पायऱ्यांतच होती. नावेवरून उडी मारणाऱ्या पोराने ती मोडली. सरांचा तांब्या त्या नमस्काराच्या विरुद्ध नव्हता. नमस्कार करायचा आणि उत्तरही ऐकून घ्यायचे, एवढीच त्यांनी त्यात भर घातली.

अध्यक्ष महोदय, समारोप करतो. या व्याख्यानाचे मानधन संस्थेने मला देऊ केले आहे. त्यातून शाळेने पाण्यात बुडणारे दोन तापमापक, लांब दोऱ्या आणि एक जाड वही घ्यावी, अशी माझी विनंती आहे. शाळेची सहल नदीवर, तलावावर, समुद्रावर जाईल तेव्हा हे सामान बरोबर न्यावे. एका विद्यार्थ्याने तापमान घ्यावे, दुसऱ्याने तारीख, वेळ, जागा आणि आकडा लिहावा, आणि तोवर कोणीही काठावरून हलू नये. मुले हसतील. आम्हीही हसत होतो. त्यांना हसू द्यावे. आकडा तेवढा लिहून घ्यावा.